चापाचं वजन

माझे वडील तराजू दुरुस्त करायचे. वडवणीच्या आठवडी बाजारात एका कडुलिंबाखाली त्यांचं पोतं अंथरलेलं असायचं. त्यावर दांड्या, पारडी, साखळ्या आणि एका ओळीत मांडलेली लोखंडी वजनं. किराणावाले, भुसारवाले, भाजीवाले आपापले काटे घेऊन यायचे. अब्बा ते घासूनपुसून, दांडी समतोल करून, वजनमापे खात्याच्या साहेबापुढे शिक्क्यासाठी तयार करून द्यायचे. लोखंडी वजनाच्या बुडाला एक छोटं भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारतात. लहानपणी मला वाटायचं, शिशाचा जगात हा एकच उपयोग आहे. छर्रे आणि गोळ्याही शिशाच्याच असतात, हे फार नंतर कळलं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. धाकट्या बहिणीची ही मुलगी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकते आणि पिस्तूल नेमबाजी करते. बीड जिल्ह्यातल्या माणसाने 'आमची पोरगी पिस्तूल चालवते' असं म्हटलं, की ऐकणारा जरा मागे सरकतो. त्याला बिचाऱ्याला दोष नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातल्या शस्त्र-परवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि पुष्कळ परवाने रद्दही झाले. कमरेला पिस्तूल लावून मोबाइलवर चित्रफिती टाकणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. वरातीत हवेत बार काढणारेही पाहिले आहेत. त्यामुळे पिस्तूल म्हटलं की आमच्याकडे रुबाब आठवतो, नाहीतर भीती. मला आज पिस्तुलाबद्दल तिसरीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती वजनाची आहे.

मराठीत 'चाप' हा शब्द दोन कामं करतो. बंदुकीचा चाप ओढतात, आणि उधळलेल्या माणसाला चाप लावतात. म्हणजे एकाच शब्दात सुटणं आहे आणि आवरणंही आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण भाचीने एकदा मला समोर बसवून चापाचं सगळं गणित समजावून सांगितलं, तेव्हा वाटलं की भाषेला हे आधीपासूनच ठाऊक असावं.

गणित असं आहे. पिस्तुलाच्या आत एक ताणलेली शक्ती असते. ती स्प्रिंगची असेल, हातोडीची असेल किंवा कोंडलेल्या हवेची. ती शक्ती एका छोट्याशा आकड्याने अडवून धरलेली असते. चाप मागे ओढला की आकडा सरकतो आणि अडवलेलं सुटतं. आकडा सरकायला बोटाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याला म्हणतात चापाचं वजन. ते ग्रॅममध्ये मोजतात, अगदी साखरेसारखं. आकड्याची पकड किती खोल आहे, दोन पृष्ठभाग किती गुळगुळीत आहेत, चापामागची स्प्रिंग किती ताठ आहे, यावर ते वजन ठरतं.

आता कुणी म्हणेल, वजन हलकं की जड, याने नेमाला काय फरक पडतो? पडतो, आणि फार पडतो. दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटर रुंद असतं. साधारण शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलावरच्या पुढच्या आणि मागच्या माशीत सुमारे बत्तीस सेंटीमीटरचं अंतर असतं. चाप ओढताना बोटाच्या झटक्याने पुढची माशी केवळ एक मिलिमीटर ढळली, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटीमीटर बाजूला जातो. दहाच्या जागी सातच्या आसपास. चाप जड असेल तर बोट जोर लावतं, बोटाबरोबर पंजा आवळतो, पंज्याबरोबर नळी हलते. म्हणून प्रत्येक नेमबाजाला वाटतं, माझा चाप थोडा हलका असावा.

पण फार हलका असला, तर तुम्ही ठरवण्याच्या आधीच तो सुटतो. म्हणून खेळाने कमीत कमी वजन ठरवून दिलं आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि पंचवीस मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. पूर्वी पन्नास मीटर 'फ्री पिस्तूल' नावाचा एक प्रकार ऑलिम्पिकमध्ये होता. त्यात चापाला किमान वजनाची अट नव्हती, नुसत्या स्पर्शाने सुटतील असे चाप लोक वापरत. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर तो प्रकार तिथून गेला. रॅपिड फायर या प्रकारातही पूर्वी हलके चाप चालत. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर नियम बदलले आणि तिथेही १००० ग्रॅमची अट आली.

पंचवीस मीटरचं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असतं. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, परत येताना नवी गोळी आत ढकलतो, आणि यंत्र पुन्हा ताणून तयार होतं. दर वेळी चाप मात्र नव्याने ओढावा लागतो. या प्रकारात हलक्या चापाचा धोका वेगळाच आहे. परत येणारा भाग जोरात आपटतो. आकड्याची पकड कुणी घासून अगदी निसटती केली असेल, तर त्या आपटण्यानेच आकडा निसटतो आणि कुणी चाप न ओढता दुसरी गोळी सुटते. त्या वेळी नळी कुठे वळलेली असेल, ते देव जाणे. म्हणून जाणती माणसं कारखान्याने दिलेल्या स्क्रूच्या पलीकडे स्वतः हात घालत नाहीत, ते काम शस्त्र-कारागिराचं. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करण्याचा आणि तपासण्याचा धंदा परवान्याशिवाय करताच येत नाही.

जड चापाचीही कथा आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं वापरायला घेतली. चुकून गोळी सुटू नये म्हणून त्यांनी चाप मुद्दाम बारा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचा ठेवला. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुन्यावर दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. तो ठार झाला, पण पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले. नेम ढळण्यात जड चापाचा वाटा किती, यावर तिथे बराच वाद झाला. पुढे २०२१ मध्ये नव्या भरतीच्या पोलिसांना हलक्या चापाची पिस्तुलं द्यायचं ठरलं. म्हणजे हलकं वाईट आणि जड चांगलं, इतकं हे सोपं नाही. माप हातापुरतं हवं, कामापुरतं हवं.

या खेळात आपल्या महाराष्ट्राच्या मुलींनी मोठं नाव कमावलं आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये पुण्याच्या अनिसा सय्यदने सुवर्ण जिंकलं आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने रौप्य. दोघींनी मिळून जोडीचं सुवर्णही आणलं. चार वर्षांनी ग्लासगोला क्रम उलटा झाला, राही पहिली आणि अनिसा दुसरी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीने सुवर्ण जिंकलं. थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाली, पुन्हा नेम धरावे लागले, पुन्हा बरोबरी, मग निकाल. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात दर गोळीला फक्त तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात हात खालून वर आणायचा, माशी जुळवायची आणि एक किलोचा चाप नळी न हलवता ओढायचा. पिस्तूलही साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. आपल्या बोटाने एक किलो ओढायचं आणि हातातलं एक किलो हलू द्यायचं नाही. घरी करून पाहा, म्हणजे कळेल.

अनिसाच्या सुवर्णाची बातमी आमच्या घरात मोठ्याने वाचली गेली होती. भाची तेव्हा तान्ही होती. पण पुढे तिने एअर पिस्तूल हातात घ्यायचं म्हटलं, तेव्हा माझी बहीण ते कात्रण काढून म्हणाली, "हिच्या आईनेही एखाद्या दिवशी होच म्हटलं असेल ना?" विषय संपला. जुनं, वापरलेलं एक एअर पिस्तूल आम्ही घेतलं. पैसे मी दिले, कारण माझ्या कवितासंग्रहाला तेव्हाच एक पुरस्कार मिळाला होता. कवितेच्या पैशातून पिस्तूल घेणारा मराठीतला मी एकटाच असेन.

ते पिस्तूल एसटीतून न्यायचं म्हणजे वेगळीच परीक्षा. या ताकदीच्या हवेच्या पिस्तुलाला शस्त्र-परवाना लागत नाही, तरी मी पावती, ओळखपत्र, क्लबचं पत्र असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन तिच्या पुढे चालायचो. एकदा एका तपासणी नाक्यावर पेटी उघडायला लावली. कागदावरचं आमचं आडनाव वाचून तपासणारा थोडा वेळ गप्प राहिला. तो थोडा वेळ मला फार लांब वाटला. मग त्याने विचारलं, "नेम कसा आहे पोरीचा?" तिने मागच्या स्पर्धेची गुणपत्रिका दाखवली. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा आहे," आणि त्याने पेटी नीट बंद करून दिली. गाडी सुटली तरी माझ्या हातातल्या पिशवीची घडी सुटली नव्हती.

आता माझ्या चुकीकडे येतो. त्याच वर्षी एका मोठ्या स्पर्धेच्या आधी भाची सुट्टीला वडवणीला आली होती. अब्बांच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये ती पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहून रिकामा सराव करायची. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, चाप ओढायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. दीडशे-दोनशे वेळा. संध्याकाळी तिचं बोट थरथरायचं. मामाचा जीव तो. मला राहवलं नाही. मी ओळखीतून, 'हात चांगला आहे' असं ज्याच्याबद्दल ऐकलं होतं, त्याच्याकडे पिस्तूल नेलं. चाप नियमापेक्षा बराच जड निघाला, सहाशेच्या वर. मी म्हटलं, पाचशेवर आणा. तो म्हणाला, "थोडं वर ठेवू का?" मी म्हटलं, "नको. नियम पाचशेचा आहे ना? मग पाचशेच." स्क्रू फिरला. पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून उचललं, उचललं गेलं. मी खुशीत घरी आलो.

चाप मोजायची पद्धत साधी आहे. त्यात स्प्रिंगचा काटा चालत नाही, कारण झटका दिला की त्याचा आकडा बदलतो. तिथे खरंखुरं वजन लागतं. पिस्तूल ताणून, नळी सरळ आकाशाकडे उभी धरायची. सपाट टेबलावर ठेवलेलं वजन चापाच्या मध्यावर अडकवायचं आणि हळूहळू वर उचलायचं. वजन टेबलापासून सुटलं आणि चाप तसाच राहिला, तर पास. वजन उचलायच्या आधीच 'खट्' झालं, तर नापास. वजन मध्यावरच का अडकवायचं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. चाप म्हणजेही एक दांडीच आहे. टोकाजवळ अडकवलं की तेच वजन भारी होतं. अब्बांनी हे मला तराजूच्या दांडीवर सातव्या-आठव्या वर्षी दाखवलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी तपासणीत पिस्तूल पास झालं. भाचीने साठ नेम मारले. साठाव्या नेमानंतर तिची बेरीज तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. मी मागच्या खुर्चीत बसून दोन्ही हात चोळत होतो. तेवढ्यात पंचांनी चिठ्ठी काढली. शेवटच्या नेमानंतर काही जणांचे चाप तिथल्या तिथे पुन्हा मोजतात, आणि चिठ्ठीत तिचा नंबर आला. पहिल्यांदा वजन उचललं, खट्. दुसऱ्यांदा, खट्. तिसऱ्यांदा तिने श्वास रोखून इतकं हळू उचललं, की वजनाची एक कड टेबलावरून सुटल्यासारखी वाटली. मग खट्.

तिचं नाव यादीतून काढलं. पंचांनी आवाज चढवला नाही, संशय घेतला नाही. त्यांनी फक्त नोंद केली. भाची माझ्याकडे आली आणि आमच्या घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, "मामू, वजन उठ्याच नै."

मी पंचांकडे गेलो. सांगणार होतो, की साहेब, चूक माझी आहे, पोरीला ठाऊकही नाही. सकाळी हेच पिस्तूल पास झालं होतं. पाच-दहा ग्रॅमने कुणाचा नेम सुधारत नाही. सगळं खरं होतं. पण टेबलावरचं ते पितळी वजन पाहिलं आणि माझे शब्द तोंडातच राहिले. वजन कुणाची नियत पाहत नाही, म्हणून तर ते वजन. तराजूवाल्याच्या मुलाने पंचाला हे शिकवायचं, की त्याच्याकडून शिकायचं? सकाळपासून दुपारपर्यंत चाप का हलका झाला, याची लोकांनी तीन-चार कारणं सांगितली. स्क्रू किंचित सरकला असेल, आतले भाग बसले असतील. मला कारण शोधायची गरजच नव्हती. मी माप काठावर ठेवलं होतं.

परतीच्या एसटीत अब्बा आठवत राहिले. आपल्याकडे 'झुकतं माप' असा शब्द आहे. आज त्याचा अर्थ पक्षपात असा झाला आहे. पण बाजारात त्याचा अर्थ वेगळा होता. गिऱ्हाइकाचं पारडं थोडं खाली जाईपर्यंत धान्य टाकायचं, दांडी सरळ झाली म्हणून हात आखडायचा नाही. अब्बा दुकानदारांना सांगायचे, "बराबर तोलशील तर कधीतरी कमीच जाईल. झुकतं दे, म्हणजे बराबर राहील." कुराणातही मापात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे, तीही ते सांगायचे, पण शेवटी. आधी दांडीचं गणित सांगायचे. लोखंड झिजतं, साखळीला तेल-धूळ लागते, हात हलतो. यांचा हिशोब आधीच धरून ठेवणारा माणूसच खरं माप देतो. मी मात्र 'पाचशे म्हणजे पाचशेच' म्हणून हुशारी केली होती.

घरी आल्यावर चार दिवस भाचीने पेटी उघडली नाही. पाचव्या दिवशी ती शेडमध्ये गेली आणि अब्बांच्या सामानातून त्यांचं पाचशे ग्रॅमचं लोखंडी वजन घेऊन आली. त्याला तिने जाड तारेचा एक आकडा केला. मला म्हणाली, "चला, सोनाराकडे." सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नुसतं वजन ठेवलं तर ४९८ ग्रॅम भरलं. इतक्या वर्षांच्या हाताळणीत दोन ग्रॅम लोखंड कुणाकुणाच्या हातांना लागून गेलं होतं. तारेसकट ठेवलं तर ५१४. ती म्हणाली, "हे बस्स. नानाचं वजन तारेसकट उचललं, तर कुठेही उचललं जाईल." नंतर क्लबच्या प्रशिक्षकांसमोर तिने चाप पुन्हा लावून घेतला. त्यांनीही तेच सांगितलं, नियमाच्या थोडं वरच राहायचं, मोजायचं तर पाच-सहा वेळा मोजायचं, आणि दर स्पर्धेआधी मोजायचं. तिने बोटाचाही उपाय केला. बोट थकत होतं ते चापाच्या वजनाने नव्हे, तर पंजा आवळून धरायच्या सवयीने. ती सवय मोडायला सात-आठ महिने लागले. नाणं नळीवर राहू लागलं.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं. वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं जिंकली. आमच्या भाचीची गोष्ट इतकी मोठी नाही. तिला अजून मोठं पदक मिळालेलं नाही. पण आता तिला क्लबमध्ये पंचवीस मीटरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली चालवायला मिळतं. तिथे चाप एक किलोचा. पहिल्या दिवशी तिने फोन केला. मी विचारलं, "जड वाटतो का गं?" ती म्हणाली, "वाटतो. पण मामू, जड आहे म्हणून कळतं तरी, की आपण ओढतोय."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. त्याची कविता करायचा प्रयत्न केला, जमली नाही.

गेल्या ईदला ती आली होती. शिरखुर्मा झाल्यावर शेजारची दोन पोरं पिस्तूल पाहायला आली. त्यांना वाटलं होतं, ताई हातात देईल, मग फोटो काढू. तिने आधी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, नळी वर करून धरली आणि त्यांच्या हातात अब्बांचं लोखंडी वजन दिलं. म्हणाली, "आधी हे अडकवून उचला. हळू. खट् झालं तर पुन्हा." पोरं अर्धा तास ते वजनच उचलत बसली. फोटो काढायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. मी ओट्यावरून पाहत होतो. वजनाच्या बुडाच्या शिशावरचा शिक्का आता पुसट झाला आहे. साल वाचता येत नाही. शिशाचा गोल मात्र अजून घट्ट बसलेला आहे.